सवलत, वतन आणि जबाबदारी : बाबासाहेबांचे आयुष्य काय सांगते?

मुकुटबन असो, झरी असो की वणी, आपल्या शिकणाऱ्या पोरांना एक टोमणा ठरलेला असतो : तुम्ही तर सरकारचे जावई. आपल्याच वस्तीत दुसरी तक्रार ऐकू येते. ज्यांना शिष्यवृत्ती मिळाली, नोकरी लागली, ते यवतमाळ-नागपूरला घर बांधतात आणि गावाकडे पाठ फिरवतात. मग वाद रंगतो की सरकारकडून हक्क मागावा, की स्वतःच्या पायावर उभे राहावे. आम्हाला हा वादच चुकीचा मांडलेला वाटतो. ज्यांचे फोटो आपण घराघरात लावतो, त्या बाबासाहेबांनी या दोन गोष्टी कधी वेगळ्या केल्या नाहीत. त्यांचे आयुष्य या अंगाने एकदा नीट वाचू.

शिष्यवृत्ती आणि करार

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे लष्करातील सुभेदार रामजींचे चौदावे अपत्य. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. घरची स्थिती ओढाताणीची होती. पुढे कॉलेजसाठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती दिली. पदवीनंतर १९१३ मध्ये परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मंजूर झाले. ही रक्कम फुकट नव्हती. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार त्यांनी सही करून दिला होता.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी या पैशाचे काय केले, हे साऱ्या जगाला माहीत आहे. लंडनचे शिक्षण अर्धवट ठेवून ते १९१७ मध्ये करार पाळायला बडोद्याला परतले. तिथे या उच्चशिक्षित अधिकाऱ्याला राहायला घर मिळेना. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकत. पारशी वसतिगृहातून त्यांना हाकलून दिले गेले आणि बडोदा सोडावे लागले. माणूस आपली जबाबदारी पार पाडायला आला होता, जातीने त्याला ती पार पाडू दिली नाही. मेहनत करा, सगळे मिळेल, असे आपल्याला शिकवणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

पुढचा मार्ग त्यांनी कष्टाने काढला. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. परत आले ते डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन.

कागदावरचा हक्क

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही चार वर्षे त्या तळ्यावर आपले कोणी पाणी प्यायले नाही. हक्क कागदावर होता, तो बजावायला माणसे हवी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. सरकारचा ठराव आणि लोकांचे पाऊल, दोन्ही लागले तेव्हा तळे खऱ्या अर्थाने खुले होण्याची लढाई सुरू झाली. कोर्टकचेऱ्या त्यानंतरही अनेक वर्षे चालल्या.

जो हक्क त्यांनी नाकारला

याच काळात त्यांनी एक असा हक्क मोडायला घेतला, जो पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच लोकांच्या नावावर होता. तो म्हणजे महारवतन. १८७४ च्या मुंबई प्रांताच्या कायद्यात त्याची तरतूद होती. वतनात थोडी इनाम जमीन मिळे आणि गावकऱ्यांकडून बलुत्याचे धान्य. बदल्यात सरकारी कामगाराने रात्री-अपरात्री हाक मारली तरी हजर व्हायचे, टपाल न्यायचे, सांगावा पोचवायचा, मेलेली जनावरे ओढायची. एक माणूस आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. गावाची मर्जी फिरली की बलुते बंद. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता, पण गावकीची अशी कामे आपल्या पणजोबांनाही ठाऊक होती.

१९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन सुधारणेचे बिल आणले. बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा आणि ज्याला वतन सोडायचे आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवता यावी, असा त्यांचा आग्रह होता. वतन गेले तर जमीन जाईल, ही भीती समाजातही होती. बिलाचे हाल झाले आणि १९२९ मध्ये त्यांना ते मागे घ्यावे लागले. पण त्यांनी हा विषय सोडला नाही. त्यांच्या निधनानंतर १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली.

इथे त्यांची कसोटी स्पष्ट दिसते. जी मदत माणसाला गुलामीत बांधून ठेवते ती त्यांना नको होती, मग ती जमिनीच्या रूपात का असेना. जी मदत माणसाला शिकवते, उभे करते, ती त्यांनी सरकारकडे हक्काने मागितली. सवलतीवर बोलताना आपणही हाच प्रश्न विचारावा : याने आपण मोकळे होतो की बांधले जातो?

खाणीपासून संविधानापर्यंत

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ च्या डिसेंबरात ते झरियाच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी सुरू झाला. कोळसा आणि चुनखडीच्या आपल्या पट्ट्यात राहणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. त्यांच्याच काळात १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८⅓ टक्के जागा मिळाल्या आणि १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली मुले महाडीबीटीवर जो अर्ज भरतात, त्याचे मूळ तिथे आहे.

अमेरिकेतही हा वाद जुना आहे. मदत दिली की लोक आळशी होतात, असे म्हणणारे तिथेही पुष्कळ आहेत. तिथल्या १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने म्हाताऱ्यांना पेन्शन आणि बेकारांना विमा दिला, पण शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले. दक्षिणेतले बहुसंख्य काळे लोक हीच कामे करत. कोणाला मदत मिळते आणि आळशी कोणाला म्हटले जाते, यामागे तिथे वर्ण असतो आणि इथे जात.

संविधानात कलम १६(४) आणि ४६ आले. आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी होते, हा गैरसमज आजही पसरवला जातो. ती मुदत कलम ३३४ मधील लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागांना होती. शिक्षण आणि नोकरीला ती कधीच नव्हती.

सरकार सगळे करेल, म्हणून बाबासाहेब थांबले नाहीत. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली. १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला पुढे मिलिंद नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय उभे केले.

सवलत पणाला लावून

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत त्यांनी शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिल्याचे दुःख बोलून दाखवले. त्यांचा रोख सवलत घेण्यावर नव्हता. घेतल्यावर मागे वळून न पाहणाऱ्यांवर होता.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला आपल्या शेजारच्या चंद्रपूरला लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे बौद्ध झालेल्याला अनुसूचित जातीच्या सवलती मिळणार नव्हत्या. बाबासाहेबांना हे माहीत होते, लोकांनाही होते. अंगावर धड कपडे नसलेल्या माणसांनी तरीही स्वाभिमान निवडला. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यात नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राने मात्र १९९० पर्यंत वाट पाहायला लावली. म्हणजे तब्बल ३४ वर्षे. जो समाज सवलतीसाठी जगतो, तो असा निर्णय घेत नाही. सरकारचे जावई म्हणणाऱ्याला द्यायला याहून चांगले उत्तर आमच्याकडे नाही.

आता आपले काम

हक्क सोडायचा नाही. शिष्यवृत्ती अडली, वसतिगृहाची यादी लांबली, तर लेखी तक्रार करायची, पाठपुरावा करायचा. आणि ज्याच्या हाती हक्क आला, त्याने मागच्याचा हात धरायचा. ज्याला जात वैधतेचे कागद कसे काढायचे हे कळले आहे, त्याने दर वर्षी वस्तीतल्या दोन मुलांचे अर्ज भरून द्यावेत. नोकरदारांनी गावच्या विहारात एक अभ्यासिका चालवावी आणि तिचे दार झरी तालुक्यातल्या कोलाम पोरांनाही उघडे ठेवावे. बाबासाहेबांनी करारावर सही करून शिक्षण घेतले होते. आपल्याकडून कोणी सही घेतलेली नाही. तरीही करार आहेच.

जय भीम. नमो बुद्धाय.