डॉ. सलीम अली: पदवी नसलेले उस्ताद

बोरिवलीच्या नॅशनल पार्कला वर्गाची सहल नेली की पोरं सगळ्यात आधी वाघाची बस शोधतात. त्यांना मान वर करून झाडाकडे बघायला लावणं, हे खरं मास्तरकीचं काम. डॉ. सलीम अलींना जग पक्षीतज्ज्ञ म्हणून ओळखतं. मला ते आधी विज्ञानाचे शिक्षक वाटतात.

12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा घराण्यात त्यांचा जन्म झाला. भावंडांत सगळ्यात धाकटे. वर्षाचे असताना वालिद गेले, तिसऱ्या वर्षी वालिदाही. मामू अमीरुद्दीन तैयबजी आणि मुमानी हमीदा बेगम यांनी वाढवलं.

लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर हळदीचा डाग पडावा तसा पिवळा ठिपका होता. ही खाणं जायज आहे का, अशी शंका आली म्हणून मामूंकडे नेली. मामूंनाही ती ओळखेना. त्यांनी चिठ्ठी देऊन पोराला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. तिथले सचिव मिलार्ड साहेब. पोरगा घाबरलेला. पण साहेबांनी चिमणीचं नाव सांगितलंच, शिवाय कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. एका पोराच्या शंकेला एवढा वेळ! त्यांची खरी शाळा हीच.

कॉलेजात मात्र लॉगरिदमनं दमवलं. शिक्षण सोडून ब्रह्मदेशात घरच्या धंद्याला गेले. परतल्यावर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकले, पण पदवी नाहीच. त्यामुळे सरकारी पक्षीतज्ज्ञाची जागा हुकली. 1926 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड-लेक्चररची नोकरी मिळाली, पगार 350 रुपये. काचेआडचे पक्षी लोकांना, विद्यार्थ्यांना समजावून सांगायचे. सांगता सांगता आपलंच ज्ञान अपुरं आहे, हे त्यांना जाणवलं. रजा घेऊन बर्लिनला गेले, प्रा. स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. 1930 मध्ये परतले तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

बेकार होऊन बेगम तेहमिनांसोबत ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्यात आडोसा करून ते तासन्‌तास बघत बसायचे, बघितलेलं जागच्या जागी टिपायचे. मराठीत पाखराचं नाव सुगरण, पण खोपा विणतो नर. अर्धा विणून झाला की मादी येऊन तपासते, पसंत पडला तरच राहते. मग नर तो पुरा करतो आणि शेजारी दुसरा खोपा विणून दुसऱ्या मादीची वाट बघतो. या निरीक्षणांनीच त्यांचं नाव झालं. ना प्रयोगशाळा, ना पगार.

पुढे याच पदवी नसलेल्या माणसाच्या मार्गदर्शनाखाली तरुणांनी मुंबई विद्यापीठाच्या पदव्या घेतल्या. शिस्त कडक होती. पहाटे वेळेवर हजर राहायचं, नोंदी चोख ठेवायच्या. कॅम्पमध्ये घोरणाऱ्यांवर तर त्यांचा भारी राग! (आमच्या स्टाफरूममधल्या काहींची तिथे धडगत नव्हती.) 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं सचित्र पुस्तक आलं आणि सामान्य माणसालाही पक्षी ओळखता येऊ लागले.

अलीगढ विद्यापीठानं 1958 मध्ये मानद डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी पद्मभूषण, 1976 मध्ये पद्मविभूषण. गेटी पुरस्काराचे 50 हजार डॉलर मिळाले, ते त्यांनी सोसायटीच्या निसर्गरक्षणाच्या कामाला देऊन टाकले. 20 जून 1987 रोजी मुंबईतच त्यांचा इंतकाल झाला. गोरेगावला फिल्म सिटीजवळ त्याच सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. शाळांची मुलं तिथे झाडांखाली पक्षी बघायला जातात.