क्षयातून वाचलेला संख्याशास्त्रज्ञ

ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचा जन्म ८ जुलै १८९७ रोजी लंडन येथे झाला. वडील सर लेनर्ड हिल हे नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ. मुलानेही वैद्यकच शिकायचे ठरले होते. परंतु पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून सेवेत असताना १९१७ साली फुफ्फुसाच्या क्षयाने त्यांना गाठले. या रोगावर तेव्हा औषध नव्हते. विश्रांती आणि मोकळी हवा हाच उपचार होता. रुग्णशय्येवर वर्षे गेली, डॉक्टर होण्याची वाट बंद झाली. पत्रद्वारा अभ्यास करून त्यांनी १९२२ साली लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी मिळवली आणि संख्याशास्त्राच्या मार्गाने ते पुन्हा वैद्यकाच्या दारी आले.

१९४७ साली ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन थोडेच उपलब्ध होते. सर्व क्षयरुग्णांना पुरणे शक्यच नव्हते. तेव्हा ते कोणाला मिळावे, हे डॉक्टरांच्या पसंतीवर न सोडता यादृच्छिक क्रमाने ठरवावे, अशी योजना हिल यांनी आखली. प्रत्येकाचा उपचार मोहोरबंद लिफाफ्यात लिहिलेला असे. सहा महिन्यांनंतर औषध घेतलेल्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले होते; केवळ विश्रांती घेतलेल्या ५२ पैकी १४. या काटेकोर मोजणीतून औषधाची मर्यादाही उघड झाली: जंतू त्याला दाद देईनासे होत. म्हणूनच पुढे एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धत रुजली. अशाच चाचणीने १९५९ साली मद्रासमध्ये दाखवून दिले की, क्षयरुग्ण घरी राहूनही आरोग्यधामातल्याइतकाच बरा होऊ शकतो. गरीब कुटुंबांना हा केवढा दिलासा होता!

दरम्यान ब्रिटनमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग झपाट्याने वाढत होता. मोटारींचा धूर आणि रस्त्यांवरील डांबर यांवर अनेकांचा संशय होता. हिल आणि रिचर्ड डॉल यांनी लंडनमधील २० रुग्णालयांतील ७०९ कर्करुग्णांची तितक्याच अन्य रुग्णांशी तुलना केली. १९५० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष सिगारेटकडे बोट दाखवणारा होता. टीका झाली. तेव्हा १९५१ साली त्यांनी खुद्द ब्रिटिश डॉक्टरांनाच धूम्रपानाच्या सवयी विचारल्या. सुमारे ४०,००० जणांनी उत्तरे दिली. त्यांच्यातील मृत्यूंची नोंद वर्षानुवर्षे ठेवल्यावर शंकेला जागा उरली नाही.

१९६१ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९६५ च्या व्याख्यानात त्यांनी केवळ सहसंबंध आणि खरे कारण यांतील भेद कसा पारखावा, हे नऊ मुद्द्यांत मांडले. पुरावा कधीच परिपूर्ण नसतो. पण ते निमित्त करून कृती लांबणीवर टाकू नये, असे त्यांचे मत होते.

१८ एप्रिल १९९१ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तारुण्यात ज्या रोगाने त्यांची वैद्यकाची वाट अडवली, त्याच रोगाच्या उपचाराला डॉक्टर नसलेल्या या माणसाने विश्वासार्ह मोजमाप दिले.