वाल्डेमार हाफकिन
वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन (जन्म : ओडेसा, १५ मार्च १८६०; मृत्यू : लोझान, स्वित्झर्लंड, २६ ऑक्टोबर १९३०) हे रशियन साम्राज्यात जन्मलेले ज्यू जिवाणुशास्त्रज्ञ होते. पटकी (कॉलरा) व प्लेग या दोन रोगांवरील लसी त्यांनी तयार केल्या आणि दोन्ही लसींचा प्रथम प्रयोग स्वतःच्याच शरीरावर केला. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

शिक्षण व प्रारंभीचे संशोधन
हाफकिन यांचे उच्च शिक्षण ओडेसा येथील विद्यापीठात झाले. प्राणिशास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू होते. धर्मांतर केल्यास अध्यापनाची वाट मोकळी होणार होती. तथापि त्यांनी ते नाकारले. १८८८ साली ते जिनिव्हास व पुढील वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तेथे त्यांना प्रथम ग्रंथपालाचे पद मिळाले. फावल्या वेळात प्रयोगशाळेत काम करून त्यांनी पटकीची लस सिद्ध केली व १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःस टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. कलकत्त्यात व उत्तर भारतात त्यांनी हजारो लोकांस ही लस टोचली.

मुंबईतील प्लेग
सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. सरकारच्या विनंतीवरून हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईत दाखल झाले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एक खोली व ओसरी, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्यांनी कामास आरंभ केला. सुमारे तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली.
त्याच वर्षी १० मार्च रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले यांचा प्लेगने मृत्यू झाला, तर प्लेगबंदोबस्तातील जुलमामुळे जून महिन्यात रँड यांची हत्या झाली. सरकारी उपायांविषयी लोकांच्या मनात संशय असताना हाफकिन यांनी सक्तीऐवजी समजावणीचा मार्ग धरला. तिसरे आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेतल्यावर खोजा समाजातील हजारो लोक पुढे आले.

संवर्धन माध्यम व लसनिर्मिती
जिवाणू वाढविण्यासाठी जे पोषक द्रव्य वापरतात त्यास संवर्धन माध्यम म्हणतात. युरोपात हे माध्यम बहुधा गोमांसाच्या रसापासून करीत. भारतात त्यापासून बनलेली लस लोकांस मान्य होणार नाही हे ओळखून हाफकिन यांनी बोकडाचे मांस हायड्रोक्लोरिक आम्लाने विरघळवून व नंतर त्यातील आम्लता क्षाराने शमवून रस तयार केला. प्लेगचे जिवाणू किंचित अल्कधर्मी माध्यमात चांगले वाढतात. म्हणून ही पायरी महत्त्वाची होती. सामू (पीएच) मोजण्याची श्रेणी १९०९ साली सोरेन्सन यांनी मांडली. तत्पूर्वी माध्यमाची आम्लता वा अल्कता लिटमस, फिनॉल्फ्थॅलिन यांसारख्या रंग बदलणाऱ्या दर्शकांनीच पारखली जात असे.
रसाच्या पृष्ठभागावर हाफकिन तुपाचे वा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवीत. चंबू न हलविता ठेवल्यास या थेंबांपासून जिवाणूंचे तंतू खाली लोंबत. चंबू हलविला की ते तळाशी पडत व वर नवे पीक येई. असे अनेक वेळा केल्यावर ६५ ते ७० अंश सेल्सिअस उष्णतेने जिवाणू मारीत व द्रवात थोडे कार्बोलिक आम्ल घालीत. तंतूंची ही विशिष्ट वाढ संवर्धन शुद्ध असल्याची खूणही ठरे.
१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले.

मुल्कोवाल दुर्घटना
लसीची मागणी वाढल्यावर उत्पादन जलद व्हावे म्हणून रसाऐवजी अगारावर जिवाणू वाढविण्याची व कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर विसंबण्याची पद्धत सुरू झाली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांस पदावरून दूर करण्यात आले.
बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, ही बाब पुढे महत्त्वाची ठरली. धनुर्वाताच्या जिवाणूंची अनेक आठवडे वाढ झालेल्या द्रवास दुर्गंधी येते. या बाटलीस उघडताना वास नव्हता. त्यामुळे दूषण गावातच झाले असणे अधिक संभवनीय होते. १९०७ साली रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात त्यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले.

उत्तरायुष्य
हाफकिन कलकत्त्यास परतले. मात्र मानवी चाचण्यांची मुभा त्यांना मिळाली नाही. १९१४ मध्ये निवृत्त होऊन ते युरोपात गेले. अविवाहित राहिलेल्या हाफकिन यांनी आपली संपत्ती पूर्व युरोपातील ज्यू शिक्षणसंस्थांसाठी ठेवली.

स्मृती
परळच्या प्रयोगशाळेस १९०६ मध्ये बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी व १९२५ मध्ये हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. भारतीय टपाल खात्याने १९६४ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.