कानासाठी लिहिलेली बातमी : जॉर्ज ऑर्वेल यांची लंडनमधील दोन वर्षे

जॉर्ज ऑर्वेल म्हटले की 'ॲनिमल फार्म' आणि 'नाइन्टीन एटी-फोर' या दोन कादंबऱ्यांचे स्मरण होते. मात्र बिहारमधील मोतीहारी येथे जन्मलेल्या या इंग्रज लेखकाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोन वर्षांहून अधिक काळ भारतीय श्रोत्यांसाठी नभोवाणीवर काम केले. त्या काळात त्यांनी लिहिलेली काही वार्तापत्रे मराठीत भाषांतरित होऊन वाचली जावीत याच हेतूने लिहिली गेली होती. ही बाब महाराष्ट्रातही फारशी परिचित नाही.

एरिक आर्थर ब्लेअर हे त्यांचे मूळ नाव. जन्म २५ जून १९०३. वडील रिचर्ड ब्लेअर ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. एरिक वर्षाचे होते तेव्हाच आई त्यांना घेऊन इंग्लंडला परतली. ईटन येथील शिक्षण संपल्यावर विद्यापीठात न जाता १९२२ मध्ये ते इंपीरियल पोलीस सेवेत दाखल झाले आणि पाच वर्षे बर्मात राहिले. साम्राज्याचा कारभार आतून कसा चालतो हे त्यांनी तेथे पाहिले आणि १९२७ मध्ये रजेवर मायदेशी आल्यावर राजीनामा दिला. १९३३ मध्ये पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांनी जॉर्ज ऑर्वेल हे टोपणनाव घेतले. पुढे स्पेनच्या यादवी युद्धात ते प्रजासत्ताकाच्या बाजूने लढले. २० मे १९३७ रोजी वेस्का शहराजवळच्या आघाडीवर शत्रूची गोळी त्यांच्या गळ्यातून आरपार गेली. जीव वाचला, पण आवाज कायमचा क्षीण झाला. ज्याला पुढे ध्वनिक्षेपकासमोर बसायचे होते, त्याच्या बाबतीत ही गोष्ट साधी नव्हती.

भारतातील पत्रकारितेत येण्याची संधी त्यांना १९३८ मध्ये चालून आली होती. लखनौच्या 'पायोनिअर' या दैनिकात अग्रलेख लिहिण्याच्या कामासाठी त्यांचा विचार झाला. मात्र फुप्फुसांच्या विकाराने उचल खाल्ली, त्यांना केंटमधील आरोग्यधामात दाखल व्हावे लागले आणि तो बेत बारगळला. युद्ध सुरू झाल्यावर लष्करानेही प्रकृतीच्या कारणावरून त्यांना नाकारले. अखेर १८ ऑगस्ट १९४१ रोजी ते बीबीसीच्या पौर्वात्य सेवेतील भारतीय विभागात रुजू झाले. वार्षिक वेतन होते ६४० पौंड. विभागाची सूत्रे झुल्फिकार अली बुखारी यांच्याकडे होती. बुखारी पूर्वी ऑल इंडिया रेडिओमध्ये होते आणि फाळणीनंतर ते रेडिओ पाकिस्तानचे प्रमुख झाले.

नव्याने भरती झालेल्यांसाठी रीजन्ट्स पार्कमधील बेडफर्ड कॉलेजात एक छोटा अभ्यासक्रम होता. कवी विल्यम एम्पसन हे ऑर्वेल यांचे तेथील सहाध्यायी. शिकणाऱ्यांनीच त्या वर्गाला थापाड्यांची शाळा असे नाव देऊन टाकले होते. थट्टेचा भाग सोडला तरी त्या नावामागची अस्वस्थता खरी होती. नऊ पुस्तके नावावर असलेला, अडतिशीतला लेखक युद्धकाळातील सरकारी धोरणाच्या चौकटीत बातमी लिहायला शिकत होता, आणि तीही ज्या देशावरील ब्रिटिश सत्ता त्याला मान्य नव्हती त्या देशासाठी.

१९४१ च्या नोव्हेंबरपासून ऑर्वेल इंग्रजीतील साप्ताहिक वार्तापत्र लिहू लागले. ते शनिवारी प्रसारित होई आणि प्रारंभी बुखारी व इतर भारतीय सहकारी ते वाचत. मार्च १९४२ मध्ये बीबीसीने गुजराती आणि मराठी प्रसारण सुरू केले. त्या भाषांतील वार्तापत्रांची मूळ इंग्रजी संहिताही ऑर्वेल लिहीत. पुढे त्यांत बंगाली आणि तमिळची भर पडली. दोन वर्षांत त्यांनी लिहिलेल्या वार्तापत्रांची संख्या दोनशेच्या वर जाते आणि त्यांपैकी निम्म्याच्या आसपास केवळ भाषांतरासाठी होती. म्हणजे ती लेखकाच्या भाषेत कधी ऐकूच गेली नाहीत.

या कामाची साखळी लांबलचक होती. ऑर्वेल संहिता लिहीत. मग ती दोन तपासण्यांतून जाई. त्यात शत्रूला उपयोगी पडेल असे काही नाही ना, हे एक अधिकारी पाही. ती धोरणाला धरून आहे ना, हे दुसरा पाही. दोन्ही शिक्के उमटल्यावर ती भाषांतरकाराच्या हाती पडे. वाचन सुरू असताना स्टुडिओत आणखी एक तपासनीस बसलेला असे. वाचक मंजूर संहितेपासून ढळला तर प्रसारण तत्क्षणी बंद करण्याची कळ त्याच्या हाताशी असे. मराठी किंवा गुजराती प्रसारणासाठी या कामावर ती भाषा समजणारा माणूस बसवावा लागे आणि ऐन युद्धात, लंडनमध्ये असा माणूस शोधणे ही एक स्वतंत्र डोकेदुखी होती. विभागात मराठी लेखिका वेणू चितळे काम करीत होत्या. कोल्हापूर परिसरातून शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेल्या चितळे मराठी प्रसारणात आणि ऑर्वेल यांच्या वाङ्मयीन कार्यक्रमांतही सहभागी होत. पुढे १९५० मध्ये त्यांची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी मुंबईत प्रसिद्ध झाली. अभिनेते बलराज साहनी हेही त्या काळात तेथेच निवेदक होते.

अशा संहितेला छापील लेखाचे नियम लागू पडत नाहीत. वाचकाला मागचे पान उलटता येते. श्रोत्याच्या कानावरून गेलेले वाक्य परत येत नाही. त्यातही संहिता भाषांतरासाठी असेल तर अडचण दुहेरी होते. इंग्रजीत क्रियापद वाक्याच्या सुरुवातीलाच भेटते, मराठीत ते शेवटी येते. त्यामुळे इंग्रजीतील चार उपवाक्यांचे एक वाक्य मराठीत जसेच्या तसे आणले तर नेमके काय घडले हे कळेपर्यंत श्रोता कर्ताच विसरून जातो. बोथट झालेले वाक्प्रचार, गुळगुळीत उपमा, कर्त्याला लपवणारे कर्मणी प्रयोग यांचा तर दुसऱ्या भाषेत केवळ पोकळ आवाज उरतो. बातमीचे भाषांतर करणाऱ्या कोणालाही हे अनुभवाने ठाऊक असते. ऑर्वेल यांचे गद्य नभोवाणीत येण्यापूर्वीही साधे होते, हे खरे. पण आपले वाक्य दुसऱ्या भाषेत, दुसऱ्याच्या आवाजात आणि हजारो मैलांवर टिकले पाहिजे, ही अट त्यांच्यावर प्रथमच आली होती.

वार्तापत्रांची बांधणी पाहिली तर त्यांनी ती अट कशी पाळली हे दिसते. ते आठवड्यातील घटनांची यादी देत बसत नाहीत. एखादी मोठी हालचाल निवडतात, नकाशा डोळ्यांसमोर उभा करतात आणि एका ठिकाणच्या लढाईचा दुसऱ्या ठिकाणच्या तेलाशी, बंदराशी किंवा रस्त्याशी असलेला संबंध उलगडून सांगतात. जर्मन सैन्य कॉकेशसमार्गे इराणच्या आखाताकडे आणि जपानी आरमार हिंदी महासागराकडे सरकून दोघांची गाठ पडू शकेल काय, हा प्रश्न त्यांनी पुन्हा पुन्हा मांडला. कारण त्या प्रश्नाच्या मध्यावर भारत होता. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून गेले. बर्मा हा तर त्यांनी पायाखाली घातलेला मुलूख होता. पराभवाची बातमी पराभव म्हणूनच सांगितली तर पुढच्या बातमीवर विश्वास बसतो, हे भान या संहितांत बऱ्याच अंशी आढळते. बऱ्याच अंशी म्हणायचे, कारण हा प्रचार होता आणि ते स्वतःही त्याला दुसरे नाव देत नव्हते.

खरी कसोटी लागली ती भारतातील घडामोडींनी. क्रिप्स शिष्टाई मार्च-एप्रिल १९४२ मध्ये आली आणि फसली. त्याच वर्षी जर्मनीतून सुभाषचंद्र बोस यांची आझाद हिंद नभोवाणी मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलू लागली होती. म्हणजे युरोपातून दोन परस्परविरोधी मराठी आवाज एकाच वेळी भारताकडे येत होते. ९ ऑगस्टला गांधीजी, नेहरू आणि काँग्रेसच्या इतर नेत्यांना अटक झाली. ऑर्वेल यांनी आपल्या दैनंदिनीत सरकारच्या या कृतीबद्दलचा संताप नोंदवला आहे. वार्तापत्रात तो उतरणे शक्य नव्हते. दोन शिक्क्यांमधून जे पार होईल तेवढेच लिहायचे आणि त्यात खोटे मात्र लिहायचे नाही, अशा अरुंद जागेत ते काम करीत राहिले. ही जागा प्रामाणिकपणाला पुरेशी होती की नाही, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. मौनानेही बातमी बदलते, हा आक्षेप सहज बाजूला सारता येण्याजोगा नाही.

त्या वर्षाच्या अखेरीस, वार्तापत्र आपल्या स्वतःच्या नावाने वाचावे असा प्रस्ताव त्यांच्यापुढे आला. साम्राज्यविरोधी लेखक म्हणून भारतात असलेली आपली ओळख धोक्यात येणार नाही आणि वाजवी भाषणस्वातंत्र्य मिळेल, तरच हे करू, असे त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवले. २१ नोव्हेंबर १९४२ पासून ते जॉर्ज ऑर्वेल या नावाने स्वतः वाचू लागले. दोनच महिन्यांत, जानेवारी १९४३ मध्ये, वरिष्ठ अधिकारी जे. बी. क्लार्क यांनी त्यांचा आवाज प्रसारणास अनुरूप नसल्याची तक्रार नोंदवली. स्पेनमधील गोळी अशी पुन्हा आडवी आली.

वार्तापत्रांखेरीज त्यांनी आणखी पुष्कळ काही केले. भारतीय विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांना पूरक व्याख्याने, एकाच कथेचा एकेक भाग पाच लेखकांकडून लिहवून घेण्याचा प्रयोग, आणि ऑगस्ट १९४२ पासून 'व्हॉइस' हे कवितेचे ध्वनिनियतकालिक. त्यात टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, एम्पसन यांच्यासह वेणू चितळे यांचाही आवाज होता.

हे सारे ऐकत कोण होते? विभागाचे अधिकारी लॉरेन्स ब्रँडर यांनी भारताचा दौरा करून पाठवलेले अहवाल निराशाजनक होते. रेडिओ संच थोडे, लघुलहरींवरील आवाज अस्पष्ट, प्रसारणाच्या वेळा गैरसोयीच्या आणि लंडनहून येणाऱ्या शब्दावर विश्वास त्याहून कमी. वाक्य कितीही स्वच्छ असले तरी बोलणाऱ्याच्या हातात बेडीची किल्ली असेल तर ऐकणारा काय ऐकणार, असा हा पेच होता आणि तो लेखनकौशल्याने सुटणारा नव्हता. २४ सप्टेंबर १९४३ रोजी ऑर्वेल यांनी राजीनामा दिला. आपल्यावर मनाविरुद्ध काही बोलण्याची सक्ती झाली नाही, हे त्यांनी त्यात नमूद केले. परंतु त्या राजकीय परिस्थितीत भारतासाठी ब्रिटिश प्रचार करणे जवळजवळ निष्फळ असल्याचेही सांगितले. नोव्हेंबरमध्ये ते बाहेर पडून 'ट्रिब्यून' साप्ताहिकाचे वाङ्मय संपादक झाले आणि त्याच सुमारास त्यांनी 'ॲनिमल फार्म' लिहायला घेतले.

नभोवाणीने त्यांना काय दिले, याचा शोध त्यांच्या पुढील लेखनात घेता येतो. १९४६ मधील राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवरील प्रसिद्ध निबंधात त्यांनी मृत उपमा, अनावश्यक कर्मणी प्रयोग आणि अर्थ झाकणारी जड शब्दावली यांवर बोट ठेवले. भाषांतरकाराच्या टेबलावर सर्वांत आधी कोसळणारी वाक्ये नेमकी हीच, हा योगायोग नसावा. भारतीय विभाग जून १९४२ मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील २०० क्रमांकाच्या इमारतीत गेला होता. तेथील तळघरातील उपाहारगृहाची छाया 'नाइन्टीन एटी-फोर'मध्ये पडली, असे मानले जाते. त्या कादंबरीचा नायक नोंदी दुरुस्त करण्याचे काम करतो. ती जून १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि सात महिन्यांनी, २१ जानेवारी १९५० रोजी, क्षयाने ऑर्वेल यांचे लंडनमध्ये निधन झाले. वय होते अवघे ४६.

वार्तापत्रांच्या संहिता त्यानंतर कितीतरी वर्षे बीबीसीच्या कॅव्हरशॅम येथील लेखागारात पडून होत्या. डब्ल्यू. जे. वेस्ट यांनी त्या शोधून काढल्या आणि १९८५ मध्ये त्या ग्रंथरूपाने बाहेर आल्या. बीबीसीची मराठी सेवा डिसेंबर १९५८ मध्ये बंद झाली होती. ती ऑक्टोबर २०१७ मध्ये नव्या स्वरूपात सुरू झाली. त्याच्या पुढच्याच महिन्यात लंडनमधील बीबीसीच्या मुख्यालयाबाहेर ऑर्वेल यांचा पुतळा उभा राहिला. शिल्पकार मार्टिन जेनिंग्ज यांनी त्यांना हातात सिगारेट घेऊन, पुढे झुकून काही सांगत असताना घडवले आहे. त्यांच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण मात्र उपलब्ध नाही.