कागदावरची रेघ : ख्रिश्चन दिऑर

अंगावरचा कपडा आधी कोणाच्या तरी मनात आणि मग कागदावर उमटलेला असतो. अशा कागदावरच्या रेघेनेच ज्यांचे मोडलेले जीवन सावरले, त्या फ्रेंच वेशरचनाकार ख्रिश्चन दिऑर यांची ही अल्पशी ओळख मंडळाच्या भगिनींना करून द्यावीशी वाटते.

दिऑर यांचा जन्म २१ जानेवारी १९०५ रोजी नॉर्मंडीतील ग्रानव्हिल या समुद्रकाठच्या गावी झाला. वडिलांचा खतांचा कारखाना होता. मुलाने राजदूत व्हावे ही घरच्यांची इच्छा. त्याचा ओढा मात्र कलेकडे. १९२८ साली मित्राच्या भागीदारीत त्यांनी पॅरिसमध्ये चित्रांचे दालन काढले. पण १९३१ साली आई वारली, वडिलांचे दिवाळे निघाले. पुढे दालनही बंद पडले आणि १९३४ साली क्षयाने गाठले. दुखण्यातून उठलेल्या या तिशीच्या गृहस्थाजवळ कसलाच आधार उरला नव्हता. तेव्हा टोप्यांची व पोशाखांची चित्रे काढून ते विकू लागले. त्या चित्रांनीच त्यांना १९३८ साली रॉबेर पिगे यांच्याकडे नोकरी मिळवून दिली.

महायुद्धात धाकटी बहीण कॅथरीन जर्मनांविरुद्धच्या गुप्त लढ्यात पकडली गेली. राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीतून ती १९४५ साली जिवंत परतली, हेच भाग्य.

डिसेंबर १९४६ मध्ये कापड-कारखानदार मार्सेल बुसाक यांच्या भांडवलावर दिऑर यांची स्वतःची पेढी उघडली. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी त्यांचे पहिले पोशाख लोकांपुढे आले. बारीक कंबर आणि भरपूर घेराचे लांब झगे पाहून कित्येकजणी हरखल्या, कित्येकजणी संतापल्याही. इंग्लंडात तर कपड्यांचे रेशनिंग १९४९ पर्यंत चालू होते. अशा टंचाईत एका झग्यासाठी इतके वार कापड लागावे, हा राग अनाठायी म्हणता येणार नाही.

दिऑर स्वतः शिवणकामात तयार झालेले नव्हते. एकांतात बसून ते शेकडो चित्रे काढीत. त्यांतील निवडक चित्रे मार्गरित कारे या बाई शिवणाऱ्यांत वाटून देत. आधी साध्या पांढऱ्या कापडावर बेत शिवून पाहायचा आणि तो जमला तरच भारी कापडाला कात्री लावायची, ही तेथील रीत.

२४ ऑक्टोबर १९५७ रोजी इटलीत त्यांचे निधन झाले. ग्रानव्हिलचे त्यांचे घर आज संग्रहालय आहे. नाव दिऑर यांचे झाले खरे. पण त्या रेघेला अंग दिले ते शिवणाऱ्या हातांनी, हे आपण भगिनींनी विसरू नये.