विश्लेषण : ‘मोनोपॉली’ची खरी निर्माती कोण? लिझी मॅगी यांचा खेळ दुसऱ्याच्या नावावर कसा गेला?

मे महिन्याच्या सुटीत मराठी घरांमध्ये ‘व्यापार’चा पट मांडला जायचा. कागदी नोटा वाटल्या जायच्या, जागा विकत घेतल्या जायच्या, भाडे द्यायला पैसे उरले नाहीत की भावंडांत भांडणे व्हायची. या खेळाचे मूळ अमेरिकेतील ‘मोनोपॉली’त आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय खेळणी सन्मान दालनात अगदी पहिल्या वर्षी, १९९८ मध्ये, ज्या खेळण्यांना स्थान मिळाले त्यात टेडी बेअर, लेगो, गोट्या यांच्याबरोबर ‘मोनोपॉली’ही होती. मात्र या खेळाच्या जन्माची जी कथा अनेक दशके सांगितली गेली, ती खरी नव्हती. मंदीच्या काळात बेकार झालेल्या चार्ल्स डॅरो या गृहस्थांना हा खेळ सुचला आणि ते लक्षाधीश झाले, अशी ती कथा. प्रत्यक्षात त्याच्या तीस वर्षे आधी एका लघुलेखिकेने या खेळाचे पेटंट घेतले होते. तिचे नाव एलिझाबेथ ऊर्फ लिझी मॅगी.

लिझी मॅगी कोण होत्या?

लिझी यांचा जन्म १८६६ चा, इलिनॉय राज्यातील मॅकॉम्ब गावचा. वडील जेम्स मॅगी वृत्तपत्र चालवत. गुलामगिरीचे ते कट्टर विरोधक. अब्राहम लिंकन यांच्या स्टीफन डग्लस यांच्याशी इलिनॉयमध्ये गाजलेल्या वादसभा झाल्या, त्या काळात ते लिंकन यांच्यासोबत फिरले होते. घरात राजकारण रोजचेच. वडिलांनीच मुलीच्या हातात हेन्री जॉर्ज या अर्थचिंतकाचा ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ हा १८७९ चा ग्रंथ ठेवला. लिझी यांच्या आयुष्याची दिशा या ग्रंथाने ठरवली.

पुढे त्या वॉशिंग्टन परिसरात आल्या आणि टपाल खात्यात लघुलेखिका व टंकलेखिका म्हणून काम करू लागल्या. ज्या पत्रांचा ना घेणारा सापडे ना पाठवणारा, अशी पत्रे जिथे जमा होत त्या कार्यालयात त्यांची नोकरी होती. पगार बेताचा. तरी त्या कथा-कविता लिहीत, रंगभूमीवर विनोदी भूमिका करीत. १८९३ मध्ये टंकलेखन यंत्रात कागद सहज सरकावा यासाठीच्या एका सुधारणेचे पेटंट त्यांनी मिळवले. अमेरिकेत तेव्हा शंभर पेटंटांमागे एकही स्त्रीच्या नावावर नसे. अविवाहित असूनही त्यांनी स्वतःच्या कमाईतून घर आणि थोडी जमीन घेतली होती. जमिनीच्या मालकीविरुद्ध त्या बोलत होत्या, पण मालकी म्हणजे काय हे त्यांना आतूनही ठाऊक होते.

जमिनीवर खेळ का काढावासा वाटला?

हेन्री जॉर्ज यांचे म्हणणे थोडक्यात असे : शहर वाढते, रस्ते होतात, रेल्वे येते, वस्ती दाटते आणि जमिनीचा भाव चढतो. हा भाव चढवण्यासाठी जमीनमालकाने काहीच केलेले नसते. तो समाजाच्या श्रमातून चढलेला असतो. मग त्याचा फायदा एकट्या मालकाच्या खिशात का जावा? श्रमावरचे आणि मालावरचे कर काढून टाका, कर एकच ठेवा, तो जमिनीच्या मोलावर. मुंबई-पुण्यात घर शोधलेल्या कोणालाही यातला पहिला भाग वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मॅगी नोकरी संपल्यावर संध्याकाळी या विचारांचे वर्ग घेत. पण व्याख्यानाला किती लोक येणार? त्यांनी पट आखायला घेतला. मार्च १९०३ मध्ये अर्ज केला आणि ५ जानेवारी १९०४ रोजी ‘द लँडलॉर्ड्स गेम’, म्हणजे जमीनदाराचा खेळ, याचे पेटंट त्यांना मिळाले.

या पटात नवे काय होते?

तोवरचे बहुतेक पट-खेळ एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपत. सापशिडीत शंभराचे घर गाठले की खेळ आटोपतो. मॅगी यांच्या पटाला शेवटच नव्हता. चौकोनाच्या कडेकडेने सोंगटी गोल फिरत राहायची. बावीस जागा, चार रेल्वे, एक तुरुंग, एक सार्वजनिक बाग. एका कोपऱ्यात भूमाता होती. फेरी पुरी करून तिच्यावरून जाणाऱ्याला श्रमाची मजुरी म्हणून १०० डॉलर मिळत. समोरच्या कोपऱ्यात लंडनच्या एका काल्पनिक उमरावाच्या मालकीची जमीन. तिथे पाऊल पडले की अतिक्रमण, आणि सोंगटी थेट तुरुंगात. आजच्या पटावरचे ‘तुरुंगात जा’ हे घर तिथून आले. उमराव मात्र वाटेत गळाला.

खेळण्याच्या तऱ्हा दोन होत्या. एकीत ज्याच्या हाती जमिनी येत, तो भाडे घेऊन बाकीच्यांना कंगाल करी. दुसरीत भाडे सार्वजनिक खजिन्यात जाई आणि त्याचा लाभ सगळ्यांच्या वाट्याला येई. आधी पहिल्या तऱ्हेने खेळावे, मग दुसरीने, आणि फरक मुलांनाही आपोआप कळावा, असा मॅगी यांचा हिशेब होता. तो अर्धाच बरोबर ठरला. लोकांना दुसऱ्याला कंगाल करण्यातच जास्त मजा आली.

स्वतःलाच ‘विक्रीला’ का काढले?

१९०६ मध्ये मॅगी शिकागोत होत्या. आठवड्याला १० डॉलरच्या पगारात एकट्या बाईचे भागत नव्हते. त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली : एक तरुण अमेरिकन गुलाम स्त्री विकणे आहे, सर्वाधिक बोली लावणाऱ्यास. कमावत्या स्त्रीसमोर लग्न नाही तर उपासमार एवढेच पर्याय असतील, तर तिला स्वतंत्र कसे म्हणायचे, हा त्यातला टोला होता. देशभर खळबळ उडाली. त्याच सुमारास त्यांचा खेळ न्यूयॉर्कच्या एका छोट्या कंपनीने बाजारात आणला. १९१० मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, त्यांनी आल्बर्ट फिलिप्स यांच्याशी लग्न केले. पार्कर ब्रदर्स या मोठ्या कंपनीने त्यांचा ‘मॉक ट्रायल’ हा दुसरा एक खेळ घेतला. जमिनीचा खेळ मात्र नाकारला.

खेळ डॅरो यांच्यापर्यंत कसा पोहोचला?

दुकानांपेक्षा तो घराघरांतून पसरला. हेन्री जॉर्ज यांच्या अनुयायांनी वसवलेल्या डेलावेअरमधील आर्डेन गावात तो खेळला जाई. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे स्कॉट निअरिंग यांनी तो विद्यार्थ्यांना शिकवला. विद्यार्थी सुटीला घरी जाताना नियम घेऊन जात आणि मेणकापडावर हाताने पट रंगवत. जो तो आपल्या गावच्या रस्त्यांची नावे घाली. सार्वजनिक खजिन्याचे नियम या प्रवासात मागे पडले आणि लोक त्याला नुसते ‘मोनोपॉली’ म्हणू लागले. अटलांटिक सिटीतील क्वेकर पंथीयांनी पटावर त्या शहराचे रस्ते आणले. तोच पट फिलाडेल्फियात चार्ल्स टॉड यांच्याकडे आला आणि त्यांच्या घरी डॅरो दांपत्य तो शिकले. डॅरो यांनी टॉड यांच्याकडून नियम लिहून मागून घेतले आणि खेळ स्वतःचा म्हणून विकायला सुरुवात केली.

चोरीचा माग एका स्पेलिंगमध्ये राहून गेला. अटलांटिक सिटीजवळच्या ‘मार्व्हन गार्डन्स’ या वस्तीचे नाव टॉड यांनी पटावर चुकून ‘मार्व्हिन’ असे लिहिले होते. डॅरो यांच्या पटावर तीच चूक जशीच्या तशी उतरली, आणि पुढे लाखो संचांवर छापली गेली.

मॅगी यांना काय मिळाले?

१९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने डॅरो यांच्याकडून खेळ विकत घेतला. मंदीत डबघाईला आलेली कंपनी त्यावर तरली. डॅरो यांना प्रत्येक संचामागे मानधन मिळत राहिले. पण मॅगी यांनी १९२४ मध्ये सुधारित पटाचे दुसरे पेटंट घेतले होते आणि ते कंपनीच्या वाटेत आडवे येत होते. कंपनीचे संस्थापक जॉर्ज पार्कर वृद्धापकाळी स्वतः त्यांच्या घरी गेले. सौदा ५०० डॉलरवर ठरला, मानधन नाही. आपला विचार आता घरोघरी पोहोचणार, या आनंदात मॅगी यांनी सही केली.

घरोघरी पोहोचला तो डॅरो यांचा पट. जानेवारी १९३६ मध्ये मॅगी यांनी आपले जुने पट हातात धरून वॉशिंग्टनच्या वृत्तपत्रांसमोर आपली बाजू मांडली. वकील, छपाई आणि पेटंटचा खर्च धरला तर या खेळाने त्यांना कमावून देण्यापेक्षा खर्चातच घातले होते. कंपनीने त्यांचे आणखी दोन खेळ काढले, १९३९ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’ही त्यांच्या छायाचित्रासह छापला, तो कोणी फारसा विकत घेतला नाही.

१९४० च्या जनगणनेत व्यवसायाच्या रकान्यात त्यांची नोंद खेळ तयार करणारी अशी आहे. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य. १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले. मृत्यूच्या बातमीत ‘मोनोपॉली’चा उल्लेख नव्हता, थडग्यावरही नाही.

सत्य बाहेर कसे आले?

योगायोगाने. सॅन फ्रान्सिस्को येथील अर्थशास्त्राचे प्राध्यापक राल्फ अॅन्सपाक यांनी १९७३ मध्ये मक्तेदारीविरोधी असा ‘अँटी-मोनोपॉली’ खेळ काढला. नावावरून पार्कर ब्रदर्सशी त्यांची कोर्टबाजी सुरू झाली. बचावासाठी त्यांनी जुनी पेटंटे धुंडाळली आणि १९०४ च्या कागदावर मॅगी यांचे नाव सापडले. म्हाताऱ्या झालेल्या खेळाडूंच्या साक्षी झाल्या, टॉड यांचीही झाली. मध्यंतरी न्यायालयाच्या आदेशावरून अॅन्सपाक यांचे हजारो संच मिनेसोटातील कचराभूमीत पुरले गेले. तरी ते मागे हटले नाहीत. अखेर वरिष्ठ न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

‘अँटी-मोनोपॉली’ आजही विकत मिळतो. त्याच्या नंतरच्या आवृत्तीत काही खेळाडू मक्तेदार होतात, काही स्पर्धक, आणि एकाच पटावर दोघांसाठी नियम वेगवेगळे असतात.