शेड्युलमध्ये नसलेली मॅच

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा सीझन सुरू होतो नोव्हेंबरमध्ये, पण फॅन्सचा अभ्यास त्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो. आपल्या कॉलेजचं शेड्युल आलं रे आलं, की मंडळी पेन्सिल घेऊन बसतात. तीसेक मॅचेस. त्यातल्या बऱ्याच आपल्या कॉन्फरन्समधल्या, म्हणजे ठरलेल्या गटातल्या कॉलेजेसशी. त्या कोचच्या हातात नसतात. बाकीच्या मॅचेस कोच आणि त्याचा स्टाफ फोनाफोनी करून जमवतात. मग हिशेब सुरू. घरच्या मैदानावर किती, बाहेर किती? दोन मॅचेसमध्ये विश्रांती किती? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, समोरची टीम किती तगडी? कारण सीझन संपताना एनसीएए स्पर्धेसाठी टीम निवडताना नुसते विजय मोजत नाहीत, कोणाला हरवलं आणि कुठे हरवलं हेही बघतात. २०१८ पासून वापरात असलेल्या ‘नेट’ रँकिंगमध्ये पहिल्या ३० मधल्या टीमला आपल्या घरी हरवणं आणि पहिल्या ७५ मधल्या टीमला तिच्या घरी जाऊन हरवणं एकाच वरच्या गटात धरलं जातं.

थोडक्यात काय, तर तुम्ही कोणाशी खेळता यावर तुमची किंमत ठरते. पण मोठ्या टीम्सशी खेळायची तुम्हाला परवानगीच नसेल तर? जॉन मॅकलेंडन नावाच्या कोचचं अख्खं करिअर या एका प्रश्नाशी झुंजण्यात गेलं.

खेळाच्या जनकाचा विद्यार्थी

मॅकलेंडन यांचा जन्म ५ एप्रिल १९१५ चा, कॅन्सस राज्यातल्या हायावाथा गावातला. शाळेत असतानाच त्यांना बास्केटबॉलचं वेड लागलं आणि कोच व्हायचं हेही तेव्हाच ठरलं. १९३३ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचा कोर्स करायला गेले. तिथे शिकवत होते साक्षात जेम्स नेस्मिथ! होय, १८९१ मध्ये पीचच्या टोपल्या जिमच्या बाल्कनीला ठोकून बास्केटबॉलचा खेळ शोधून काढणारे तेच नेस्मिथ सर. म्हणजे मॅकलेंडन यांना हा खेळ थेट उगमापाशीच शिकायला मिळाला.

मिळाला, पण वर्गातच. विद्यापीठाच्या टीममध्ये कृष्णवर्णीय खेळाडू चालत नसे. त्यामुळे ज्याच्याकडे खेळाच्या जनकाकडून शिकलेले धडे होते, तो मुलगा विद्यापीठाकडून एकही मॅच खेळू शकला नाही. कोर्ससाठी पोहणं सक्तीचं होतं. मॅकलेंडन पोहायला उतरले, तर नंतर पूलमधलं सगळं पाणी काढून टाकण्यात आलं. ते मागे हटले नाहीत, नेस्मिथही त्यांच्या पाठीशी राहिले आणि शेवटी तो पूल सगळ्यांसाठी खुला झाला. १९३६ मध्ये मॅकलेंडन पदवीधर झाले. त्या विद्यापीठातून शारीरिक शिक्षणाची पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. पुढे आयोवा विद्यापीठातून मास्टर्स केलं आणि १९३७ मध्ये ते नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या डरहॅम शहरात दाखल झाले. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजमध्ये, ‘नॉर्थ कॅरोलिना कॉलेज फॉर नीग्रोज’मध्ये ते आधी असिस्टंट आणि १९४० पासून हेड कोच होते.

अर्धवट शेड्युल

आता या कॉलेजचं त्या काळातलं शेड्युल डोळ्यांसमोर आणा. दक्षिणेकडच्या राज्यांत तेव्हा वर्णभेद कायद्यानेच लागू होता. गोऱ्यांच्या कॉलेजशी मॅच हा विषयच नव्हता, त्यामुळे यादीत सगळी कृष्णवर्णीयांचीच कॉलेजेस. प्रवासात वाटेतली बहुतेक हॉटेलं आत घेत नसत. राहायचं ते यजमान कॉलेजच्या वसतिगृहात. त्यात महायुद्धामुळे १९४२ पासून पेट्रोलवर रेशनिंग आलेलं.

तरीही मॅकलेंडन यांची टीम जबरदस्त होती. त्या काळात बऱ्याच टीम्स संथ, मोजूनमापून खेळायच्या. मॅकलेंडन यांनी पोरांना पळवलं. बॉल हातात आला की लगेच समोरच्या बास्केटकडे धाव, आणि बॉल गमावला की अख्ख्या कोर्टभर प्रतिस्पर्ध्याला घेरायचं. असं खेळायला दमही तसाच लागतो, म्हणून सराव कडक. १९४३-४४ च्या सीझनमध्ये ही टीम फक्त एक मॅच हरली.

पण या रेकॉर्डचं करायचं काय? देशभरातल्या टीम्सच्या एनआयटी आणि एनसीएए या दोन्ही मोठ्या स्पर्धांची दारं त्यांना बंद होती. त्याच शहरात, काही मैलांवर, ड्यूक विद्यापीठ. तिथल्या मेडिकल स्कूलमध्ये सैन्यासाठी डॉक्टर होणारी गोरी मुलं शिकत होती आणि त्यांच्यातले काही वेगवेगळ्या कॉलेजेसमधून खेळून आलेले चांगले खेळाडू होते. त्यांचीही टीम फॉर्मात होती. एकाच शहरातल्या दोन भारी टीम्स, आणि दोघींच्या शेड्युलमध्ये एकमेकींचं नाव कधीच येणार नाही!

रविवार, सकाळचे अकरा

दोन्ही कॅम्पसमधल्या काही विद्यार्थ्यांच्या वायएमसीएच्या बैठकांमध्ये भेटीगाठी व्हायच्या. तिथेच आमची टीम भारी की तुमची, असा विषय निघाला आणि आव्हान दिलं गेलं. मॅकलेंडन तेव्हा २८ वर्षांचे होते. पकडलं गेलं तर नोकरी जाईल, कदाचित त्याहून वाईट काही होईल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ही भीती उगाच नव्हती. त्याच वर्षी जुलैमध्ये याच डरहॅममध्ये बुकर स्पाइसली या कृष्णवर्णीय सैनिकाला बसमधल्या जागेच्या वादातून गोऱ्या ड्रायव्हरने गोळी घालून मारलं, आणि कोर्टात तो ड्रायव्हर निर्दोष सुटला.

तरी मॅकलेंडन हो म्हणाले. तारीख ठरली १२ मार्च १९४४, रविवार, सकाळी अकरा. म्हणजे शहरातले बहुतेक लोक चर्चमध्ये असतानाची वेळ. ड्यूकची मुलं उसन्या गाड्यांमधून वळसे घेत आली आणि जॅकेटं डोक्यावर ओढून जिममध्ये शिरली. दारांना कुलपं लागली. प्रेक्षक नाहीत, पण रेफरी होता आणि घड्याळ चालू होतं. म्हणजे मॅच खरीखुरीच.

सुरुवातीला दोन्हीकडचे खेळाडू बिचकलेले. सोपे पास हुकत होते, सोपे शॉट जात नव्हते. कारण गोऱ्या आणि काळ्या खेळाडूंनी असं एकमेकांना भिडणं तिथे कोणी पाहिलेलंच नव्हतं. मग मॅकलेंडन यांच्या पोरांना लय सापडली आणि ती पळत सुटली. शेवटचा स्कोअर ८८-४४. बरोब्बर दुप्पट! पण गंमत पुढे आहे. थोडी विश्रांती घेऊन त्यांनी पुन्हा मॅच खेळली आणि या वेळी दोन्ही टीम्सचे खेळाडू मिसळून घेतले. वर्णभेदाचा कायदा चालू असलेल्या शहरात, बंद दाराआड, दोघं मिळून खेळले.

पेपरात एक ओळही आली नाही. सगळ्यांनी तोंड बंद ठेवलं आणि इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांनी १९९६ मध्ये ही गोष्ट लिहीपर्यंत जगाला त्या मॅचचा पत्ताच नव्हता.

दारं उघडत गेली

गुपचूप खेळलेली मॅच रेकॉर्डमध्ये धरत नाहीत, हे मॅकलेंडन यांना माहीत होतं. त्यांना शेड्युल बदलायचं होतं, तेही उघडपणे. १९४६ मध्ये इतर कोचेसना सोबत घेऊन त्यांनी कृष्णवर्णीय कॉलेजेसच्या सीआयएए या संघटनेची स्पर्धा सुरू केली. पहिली स्पर्धा वॉशिंग्टनमध्ये झाली आणि ती त्यांच्याच टीमने जिंकली. ही स्पर्धा आजही भरते.

पुढे १९५४ मध्ये ते नॅशव्हिलच्या टेनेसी ए अँड आय कॉलेजमध्ये गेले. तोवर छोट्या कॉलेजेसच्या एनएआयए या संघटनेने राष्ट्रीय स्पर्धा कृष्णवर्णीय कॉलेजेससाठी खुली केली होती. कॅन्सस सिटीत खेळायला जाताना त्यांनी अट घातली की आमची मुलं इतर टीम्ससारखीच शहरातल्या हॉटेलात राहतील आणि तिथेच जेवतील. आणि मग १९५७, १९५८, १९५९ असं सलग तीन वर्षं विजेतेपद पटकावलं. सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवणारी ती पहिली कॉलेज टीम. १९६६ मध्ये ते क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाचे कोच झाले. बहुसंख्य गोरे विद्यार्थी असलेल्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल टीमला मिळालेला हा पहिला कृष्णवर्णीय हेड कोच. ८ ऑक्टोबर १९९९ रोजी त्यांचं निधन झालं. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव दोनदा आहे. १९७९ मध्ये खेळातल्या योगदानासाठी आणि २०१६ मध्ये, मरणोत्तर, कोच म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, हा सगळा इतिहास झाला. पण कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या कॉलेजेसचं आजचं शेड्युल उघडून बघा. नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या बऱ्याच मॅचेस बाहेरच्या दिसतील. मोठी विद्यापीठं त्यांना आपल्या जिममध्ये बोलावतात, त्याबद्दल पैसे देतात, पण परतीची मॅच खेळायला क्वचितच जातात. छोट्या कॉलेजला पैशांची गरज असते, म्हणून टीम आठवडेच्या आठवडे प्रवास करते आणि कॉन्फरन्सच्या मॅचेस सुरू होईपर्यंत नावावर पराभवांची रांग लागलेली असते. कायद्याची भिंत गेली, पण कोण कोणाच्या घरी जाणार हे अजूनही ज्याच्याकडे पैसा तोच ठरवतो.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही टीमचं शेड्युल हातात आलं, मग ते अमेरिकेतलं असो की आपल्या इंटर-कॉलेजचं, तर सोप्या आणि अवघड मॅचेसवर खुणा करून थांबू नका. त्यात कोण नाही, आणि का नाही, हेही एकदा तपासा.